शिराळ्याची वेल आणि रविवारचा फोटो

घरात सहज विचारून बघा, "आपण गेल्या साली दोडका कधी लावला होता?" तीन माणसांकडून तीन उत्तरं येतील. आमच्याकडे आली. मी म्हटलं, वटपौर्णिमेच्या आधी. सासूबाई म्हणाल्या, "छे गं, आषाढ लागला होता." आणि हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "गणपतीत नव्हता का लावला?" गणपतीत म्हणे! गणपतीत तर आम्ही वेल उपटून टाकायची की ठेवायची यावर बोलत होतो.

आम्ही नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पश्चिमेला ग्रिल लावलेली गॅलरी, तिच्यात तुळस, ओवा, गवती चहा आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांत जे काय येईल ते. तुम्ही म्हणाल, वाशीचा एवढा मोठा भाजीबाजार हाकेच्या अंतरावर असताना हा उद्योग कशाला? अर्ध्या मुंबईची भाजी ट्रकमधून आधी आमच्या बाजूला उतरते, मग पूल ओलांडून पलीकडे जाते. खरं आहे. पण आमच्या सासूबाई ऋषिपंचमी करतात. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हाताने खणून पेरलेलं तेवढंच चालतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. बाजारात ऋषीच्या भाजीचा जो वाटा मिळतो, त्यातलं काय बैलाने नांगरलेलं आणि काय ट्रॅक्टरने, देव जाणे. (ट्रॅक्टरचं चालतं की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.) तेव्हा निदान एक तरी भाजी डोळ्यांदेखत वाढलेली असावी, असं त्यांना वाटायचं.

आणि ती म्हणजे शिराळं. घाटावर दोडका म्हणतात तेच. अलिबागकडच्या मावससासूबाईंच्या वाडीतल्या अकरा बिया कागदाच्या पुडीत होत्या. ते शिराळं लांबीला बेताचं, पण शिजवलं की त्याला गोडसर चव यायची. आता मावशी नाहीत आणि वाडीही विकली गेली. म्हणजे त्या अकरा बिया गेल्या की ते शिराळं गेलं. 2023 साली मी त्यातल्या सहा लावल्या. वेल ग्रिलभर चढली, पिवळी फुलं आली, आणि एकही शिराळं धरलं नाही. का, ते कोणालाच सांगता येईना. कधी लावली हेच जिथे ठाऊक नाही, तिथे काय चुकलं ते कसं कळणार? उरल्या पाच बिया.

त्या वेळी आमची मुलगी म्हणाली, "आई, यंदा दर रविवारी फोटो काढ. तुझ्या फोनमध्ये नाहीतरी दुधाच्या हिशेबाचेच फोटो असतात."

फाळक्यांचा वाटाणा

ही युक्ती काही आजची नाही. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन परत आले, तेव्हा त्यांच्या सिनेमावर पैसे लावायला कोण तयार होणार? सिनेमा ही चीज काय, हेच लोकांना नीट माहीत नव्हतं. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा रोवला, आणि अंकुर फुटल्यापासून वेल वाढेपर्यंत, महिनाभराहून अधिक काळ, थोडं थोडं चित्रण करत राहिले. ती सगळी चित्रं एकापुढे एक जोडल्यावर महिन्याची वाढ मिनिटभरात डोळ्यांसमोर झाली. 'अंकुराची वाढ' या नावाने ती चित्रफीत ओळखली जाते. ती पाहून भांडवल उभं राहिलं, आणि 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

भांडवलात सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिनेही होते. कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायची, फिल्म धुवायची, आणि वर कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायचा, हे सगळं त्या माउलीने केलं. मला विचाराल तर त्या वाटाण्याच्या कुंडीला रोज पाणीही त्यांनीच घातलं असणार.

फाळक्यांच्या या वाटाण्यातून आपण घ्यायची गोष्ट एकच. त्यांनी कुंडीही हलवली नाही आणि कॅमेराही हलवला नाही. आपण फोटो काढतो ते आज इकडून, उद्या तिकडून, आणि फूल सुंदर दिसलं तरच. असे शंभर फोटो जमले तरी त्यातून काही कळत नाही. उभं राहायची जागा एकच हवी. मी गॅलरीच्या फरशीवर नखाला लावायच्या रंगाने दोन पावलांच्या खुणा केल्या. हे हसले. हसू देत.

आमच्या लहानपणी घरात ॲग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातले चार मुंजीचे, चार सहलीचे, उरलेले पाहुण्यांचे. वेलीचा फोटो मागितला असता तर वडिलांनी पाठीत धपाटा घातला असता. आता फोनवर हजार फोटो फुकट निघतात, म्हणूनच ते हजारांत हरवतात. त्यावर मी काढलेला तोडगा सांगते. फोनमध्ये भाजीचा वेगळा कप्पा करायचा, आणि हंगाम संपला की त्यातले फक्त बारा निवडून स्टुडिओतून छापून आणायचे. बाराच. निवडताना आपण प्रत्येक फोटो परत नीट बघतो, हाच त्याचा मोठा फायदा.

आणखीही काही बारीकसारीक गोष्टी आहेत, पण त्यांनीच काम होतं. कुंडीला टेकवून मुलीची जुनी पाटी ठेवायची आणि तिच्यावर खडूने तारीख आणि पेरल्यापासूनचा दिवस लिहायचा. फोनला तारीख ठाऊक असते हे खरं, पण छापलेल्या फोटोवर ती येतेच असं नाही. पानाशेजारी काडेपेटी ठेवली की वाढ किती झाली ते वर्षानंतरही कळतं. काढण्याआधी फोनची काच पदराने पुसा हो, फोडणीचा हात लागलेला असतो. पहिला फोटो तळहातावरच्या बियांचा, दुसरा नुसत्या मातीचा. नुसत्या मातीचा कशाला, असं वाटेल. पण रोप किती दिवसांनी वर आलं हे तिथूनच मोजता येतं. एखादा फोटो पानाच्या मागच्या बाजूचाही घ्या. मावा आणि पिठ्या ढेकूण तिथेच आधी बसतात, आणि आपल्याला दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. आणि रोप मेलं तर मेलेल्या रोपाचाही काढा. हात जात नाही, मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी उपयोगी पडतो तो तोच.

फोटोंबरोबर एक वही हवी. पाणी कधी तुटलं, खत कधी घातलं, पाऊस किती दिवस लागून राहिला, हे फोटोत येत नाही.

वहीतलं 11 ऑगस्टचं पान

16 जून 2024, रविवार. पाचातल्या दोन बिया रात्रभर भिजवून लावल्या. 23 जूनच्या फोटोत दोन्ही रोपं वर आलेली दिसतात, काडेपेटीच्या निम्म्या उंचीची. 14 जुलैला वेलीने पहिला तंतू ग्रिलला गुंडाळलेला. 28 जुलैला, म्हणजे 42 व्या दिवशी, कळ्यांचे पहिले घोस. इथवर सगळं 2023 सारखंच झालं असणार. मग फुलं आली आणि गळू लागली. 11 ऑगस्टला गॅलरीच्या फरशीवर पिवळा सडा पडला होता.

सासूबाई दारात येऊन बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वांझ आहे गं वेल. उगीच पाणी घालतेस."

आता हा शब्द आपल्याकडे वेलीला सर्रास वापरतात. ज्या फुलाला फळ धरत नाही ते वांझ फूल. सासूबाईंच्या मनात दुसरं काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण माझी धाकटी जाऊ चहाचा कप घेऊन मागेच उभी होती. पलीकडच्याच इमारतीत राहतात ती दोघं. लग्नाला नऊ वर्षं झाली. डॉक्टर, तपासण्या, उपासतापास, जे जे असतं ते सगळं झालेलं. ती काही बोलली नाही. कप विसळून ठेवला आणि घरी गेली. सासूबाईंच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. आणि तरी मी काय केलं? वहीत त्या दिवसाच्या तारखेसमोर लिहून ठेवलं, 'वेल वांझ'. हाताला सवय लागली होती, जे कानावर पडेल ते उतरवायची.

चार दिवसांनी 15 ऑगस्ट. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलीने ग्रिलला लावलेल्या झेंड्याचा फोटो काढला. वेलीचा नव्हे, झेंड्याचा.

18 तारखेच्या रविवारी धाकटी आली आणि माझा फोन घेऊन बसली. तिची नजर बारीक, त्यात बोटांनी फोटो मोठा करून बघायची सवय. तासाभराने तिने मला हाक मारली. "ताई, हे बघा. 11 तारखेच्या फोटोत या कळीखाली काय आहे?"

काडेपेटीतल्या काडीएवढं शिराळं होतं. शिरांसकट. आणि 18 तारखेच्या फोटोत त्याच जागी, ग्रिलच्या त्याच चौकोनात, वाळलेला देठ.

"म्हणजे वेलीला धरायचं होतं," ती म्हणाली. मग तिने झेंड्याचा फोटो दाखवला. झेंड्यामागे वेलीवरची फुलं टपोरी उमललेली. आणि माझ्या सगळ्या रविवारच्या फोटोंत, सकाळी आठच्या, फुलांनी माना टाकलेल्या.

शिराळ्याचं फूल उमलतं संध्याकाळी. दुधी आणि पडवळाचंही तसंच, दिवस कलल्यावर. भोपळ्याचं मात्र पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं. वेलीवर नराची फुलं वेगळी आणि मादीची वेगळी. नराची आधी येतात, घोसाने, लांब देठावर, आणि ती गळायचीच. मादीचं फूल एकेकटं, त्याच्याखाली इवलंसं फळ असतं. नराचा पराग तिथे पोहोचला नाही तर ते फळ पिवळं पडून गळतं. वाडीत हे काम मधमाश्या आणि संध्याकाळचे पतंग करतात.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं. धाकटीने फोटो आणखी मोठा केला. फुलांच्या मागे, प्रत्येक फोटोत, करडे बारीक चौकोन. डासांची जाळी! खाडीकाठच्या या गावात डासांचं काय सांगावं. ग्रिलला बाहेरून बारीक जाळी ठोकून घेतली होती आम्हीच, डेंग्यूच्या भीतीने. कबुतरांच्या जाळीतून माशी आत येते, डासांच्या जाळीतून कशी येणार? दोन वर्षं फूल आत आणि कीटक बाहेर. मी रोज सकाळी पाणी घालताना त्या जाळीला हात लावत होते आणि मला ती दिसली नव्हती.

जाळी काढायला कोणी तयार नव्हतं, मीही नाही. मग हाताने परागीकरण करायचं ठरलं. अवघड काही नाही, मैत्रिणींनो. संध्याकाळी नुकतं उमललेलं नराचं फूल खुडायचं, पाकळ्या अलगद काढून टाकायच्या, आणि मधला परागाचा दांडा मादीच्या फुलाच्या गाभ्याला हलकेच टेकवून फिरवायचा. ताजं फूल हवं, सकाळचं मलूल चालत नाही. आम्ही रोज संध्याकाळी बघत होतो. मादीचं फूल आलं ते 28 ऑगस्टला. "तुम्ही बॅटरी धरा," म्हणून धाकटीनेच ते केलं. तिसऱ्या दिवशी फळ लांबलेलं दिसलं, तेव्हा तिने दुपारी कचेरीतून मला फोन केला, फक्त एवढं विचारायला की पिवळं तर नाही ना पडलं.

8 सप्टेंबर 2024, ऋषिपंचमी, पेरल्यापासून 84 वा दिवस. रविवारच होता. त्या दिवशीच्या फोटोत शिराळं सासूबाईंच्या हातात आहे आणि काडेपेटी ठेवायला आम्ही विसरलो आहोत. एकच होतं. अळू, माठ, भेंडी, लाल भोपळा, सगळं बाजाराचं, आणि त्यात हे.

मागे मोजायचं गणित

त्यानंतर धरलेलं सगळ्यात चांगलं शिराळं आम्ही काढलं नाही. बियांसाठी नेहमी उरलंसुरलं ठेवतात, तसं करू नका. पहिल्या प्रतीचं ठेवा. ते वेलीवरच वाळून तपकिरी, हलकं झालं, हलवलं की आत खुळखुळायला लागलं, तेव्हा उतरवलं. आत काळ्याभोर बिया. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली, त्यांनी घेवडे, वेलभाज्या, भात अशी कितीतरी गावठी बियाणं जपली ती शाळेत न जाता. कुठलं बी कधी टाकायचं हे त्यांच्या डोक्यात आहे. आपण फ्लॅटवाल्या. आपल्या डोक्यात बसची वेळ, गॅसचा नंबर आणि मुलांच्या परीक्षा. आपल्याला फोटो हवेतच.

2025 साली ऋषिपंचमी 28 ऑगस्टला होती, आदल्या वर्षापेक्षा अकरा दिवस आधी. सण तिथीने येतो आणि वेल काही पंचांग बघत नाही, तेव्हा अंदाजपंचे 'वटपौर्णिमेला लावलं' हे चालायचं नाही. 28 ऑगस्टपासून 84 दिवस मागे मोजले, 5 जून आला. त्या दिवशी बिया लावल्या. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच, 26 तारखेला मुंबईत येऊन ठेपला होता, त्यामुळे बादलीला तळाशी आणखी दोन भोकं पाडली एवढंच. ऋषिपंचमीला चार शिराळी मिळाली. 2026 साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आणि ऋषिपंचमी 15 ला. तुम्ही तुमच्या भाजीचे दिवस मांडलेत की हे गणित तुम्हालाही जमेल. घाईच्या मेथीचं बघाल तर तीन दिवसांत वर येते आणि महिनाभरात जुडी निघते. भेंडीचं फूल उमललं की चार-सहा दिवसांत भेंडी काढायची, रविवारची वाट बघितलीत तर जून झाली म्हणून समजा.

फोटोंनी आणखी एक गोष्ट दाखवली, तीही सांगून टाकते. माझ्या बहिणीची गॅलरी खारघरला, तोंड दक्षिणेला. तिच्या टोमॅटोवर डिसेंबरात फरशीभर ऊन, आणि जूनमध्ये त्याच कुंडीवर भर दुपारीही सावली. ती म्हणे ढगांमुळे. पण मे महिन्यातल्या लख्ख दिवसांच्या फोटोतही ऊन गॅलरीच्या कठड्याबाहेरच थांबलेलं. आपल्याकडे साधारण 15 मे आणि 27 जुलै या दोन दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि मधल्या काळात तो उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे दक्षिणेची गॅलरी हिवाळी भाजीची. टोमॅटो तिथे पाऊस सरल्यावर लावावा.

आमचे ते बारा फोटो अल्बममध्ये लावले आहेत आणि वही त्याच्याबरोबर असते. गेल्या दिवाळीत सासूबाई पाहुण्यांना अल्बम दाखवत होत्या. मग चष्मा लावून वहीही चाळायला लागल्या. 11 ऑगस्टचं पान आलं. मी लिहिलेल्या दोन शब्दांवर धाकटीने केव्हातरी एक सरळ रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'फुलं सकाळी बघितली.' सासूबाईंनी ते वाचलं. बराच वेळ पान उलटलं नाही. मग म्हणाल्या, "बियांची बाटली यापुढे तिच्याकडे असू दे."

तेव्हापासून राख घातलेली ती बाटली पलीकडच्या इमारतीत असते. मला बिया हव्या असल्या तर मागून आणाव्या लागतात, आणि कधी लावणार ते आधी सांगावं लागतं.